मत विचारू नका, दिवस विचारा

"पालकांची एक कमिटी करायची आहे, कशी करू?" असा फोन मला अधूनमधून येतो. कधी थेरपी केंद्र चालवणाऱ्या बाईंचा, कधी विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांचा, एकदा तर बालरोगतज्ज्ञांचा. मी समाजकार्य शिकलेला माणूस नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्नचं वर्कशॉप आहे, फाउंड्रीवाल्यांना लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे वाळूत ओतकामाचा साचा उठवायचे नमुने, करून देतो. थोरल्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणी झालेल्या इजेनं हालचालींवर नीट ताबा राहत नाही. ती आता पंधरा वर्षांची झाली. तिच्यापायी कोल्हापूर-मिरजेतली इतकी केंद्रं, शाळा, दवाखाने आणि खिडक्या पालथ्या घातल्या की लोक मला यातला जाणकार समजायला लागले. दोन ठिकाणी पालकांच्या गटात बसतो. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

हे अपंग मुलांसाठी केंद्र, शाळा, डे केअर किंवा तपासणी शिबिर चालवणाऱ्यांसाठी आहे. पालकांनी वाचलं तर उत्तमच, बैठकीत काय मागायचं ते कळेल.

आधी सांगा, बदलण्यासारखं काय उरलंय

जागा भाड्यानं घेतली, फरशी बसली, थेरपिस्टच्या वेळा ठरल्या, उद्घाटनाची पत्रिका छापायला गेली आणि मग "तुमच्या सूचना सांगा" म्हणून पालकांना बोलावलं, तर ते काय सांगणार? चहा घेणार, "चांगलं केलंय सर" म्हणणार आणि बस गाठायला निघणार.

आमच्या धंद्यात ड्रॉइंग आलं की लाकडाला हात लावण्याआधी मी ते मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा भरणाऱ्या कारागिराला, दाखवतो. ड्रॉइंग काढणारा इंजिनिअर शिकलेला असतो, माप कुठं चुकलेलं नसतं. पण पॅटर्न वाळूतून सुटणार कसा आणि कुठल्या कोपऱ्यात वाळू तुटणार, हे रोज वाळूत हात असणाऱ्यालाच कळतं. पॅटर्न तयार झाल्यावर विचारलं तर लाकूड गेलं आणि मजुरीही गेली. पालकांना बोलवायची वेळ हीच, ड्रॉइंग टेबलावर असताना.

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी स्वच्छ सांगून टाका. कशाचा निर्णय झालाय आणि तो बदलणार नाही. जागा राजारामपुरीतच राहणार, कारण तेवढंच भाडं परवडतं, असं कारणासकट सांगितलं की कुणी वाद घालत नाही. दुसरं, कशावर तुमचं ऐकून आम्ही ठरवणार. आणि तिसरं, काय तुम्हीच ठरवायचं, आम्ही त्याप्रमाणे वागणार. या तिसऱ्यात सुरुवातीला छोटी गोष्ट असली तरी चालेल. घरी करायचे व्यायाम कागदावर द्यायचे की थेरपिस्टनं तुमच्याच मोबाइलवर व्हिडिओ काढून द्यायचा, एवढीशी गोष्टसुद्धा पालकांच्या हातात दिली की बैठकीचा नूर बदलतो. मात्र ती खरी असू दे. भिंतीचा रंग निवडायला लावणं म्हणजे थट्टा.

कोल्हापूरच्या सायबर कॉलेजात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणारी एक मुलगी आमच्याकडे फील्डवर्कला होती. तिनं मला एक शिडी काढून दाखवली. शेरी आर्नस्टाइन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ साली लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या होत्या. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नुसता नावाला, लोकांना वापरून घेणं किंवा त्यांनाच सुधारायला बघणं. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं, समजूत घालणं. त्यावर भागीदारी, मग अधिकार सोपवणं, आणि अगदी वर लोकांच्या हातात कारभार. मधल्या तिन्ही पायऱ्या बाईंनी देखाव्यातच मोडल्या आहेत! आपल्याकडच्या बहुतेक पालक सभा तिथंच मुक्कामाला असतात. आठवी पायरी गाठा असा माझा आग्रह नाही. फिजिओनं कुठला स्नायू ताणायचा हे मी ठरवू नये. पण तुम्ही सल्ला घेत असाल तर सल्ला म्हणा. "निर्णयप्रक्रियेत सहभाग" असं पत्रात लिहून सल्लाही न घेणारे आम्ही पुष्कळ बघितलेत.

यायचे बंद झालेत त्यांना शोधा

सगळ्या लिखाणातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

जे पालक नियमानं येतात त्यांना तुमचं केंद्र जमतंय, म्हणूनच ते येतात. त्यांना विचारलं तर जमतंय असंच कळणार. रजिस्टर उघडा आणि चार-पाच वेळा येऊन गळालेली नावं वेगळी काढा. तुमच्या आखणीत कुठं भोक आहे ते या लोकांना माहीत आहे.

त्यांना फोन थेरपिस्टनं करू नये. पालकाला वाटतं, आता बोलणी बसणार. "का येत नाही?" हा प्रश्न तर नकोच, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं : "येतो की सर, जरा कामात होतो." फोन दुसऱ्या पालकानं करावा. त्याआधी केंद्रानं एक मेसेज टाकून नंबर द्यायला परवानगी घ्यावी, उत्तर आलं नाही तर नंबर देऊ नये. मी फोन करतो तो साधारण असा : "मी पण तिथलाच पालक. केंद्रवाले वेळा न् पद्धत बदलायचं बघत्यात. तुम्हाला तिथं काय काय जड गेलं तेवढं सांगा. तुमचं नाव कुठं घेत नाही." आणि मग गप्प बसतो. मधे बोलायची फार इच्छा होते, पण बोलायचं नाही.

ऐकायला काय मिळतं? पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं, वजन वाढलं, जिना चढताना आईची कंबर गेली. केंद्राच्या फायलीत याची नोंद "पालकांचा उत्साह कमी" अशी असते. घरात दुसरं बाळ झालं आणि त्याला ठेवायला कुणी नाही. थेरपिस्ट सगळ्यांसमोर म्हणाली, "घरी व्यायाम घेत नाही वाटतं," त्या दिवसापासून आजीनं पाऊल टाकलं नाही. दुपारची एसटी बंद झाली. एका बापानं मला सांगितलं की त्याला केंद्राबद्दल काहीच तक्रार नाही, पण प्रत्येक वेळी नवा माणूस बसलेला असतो आणि जन्मापासूनची कथा पहिल्यापासून सांगावी लागते, ते त्याला सोसत नाही. यातलं एकही कारण अभिप्रायाच्या फॉर्मवर येत नाही.

गटात सहा ते आठ जण पुरेत. दहा तज्ज्ञांच्या टेबलावर एकटा पालक बसवला तर तो मान हलवण्यापलीकडे काही करू शकत नाही, म्हणून कुठल्याही बैठकीत निदान तिघं असू देत. गळालेल्यांपैकी दोघं तरी घ्या. खेड्यातलं कुणीतरी, एकटी सांभाळणारी आई, आणि आजी-आजोबांपैकी एक हवंच, कारण दिवसभर पोर त्यांच्याच जवळ असतं. वेगवेगळ्या अपंगत्वाचे पालक असू देत. मला व्हीलचेअरचा दरवाजा दिसतो, ट्यूबलाइटचा आवाज दिसत नाही. तो स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या आईला आधी ऐकू येतो.

आणि बाप. "आईला पाठवून द्या" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. बापाला फी भरायच्या वेळी बोलावतात. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे चांगलंच झालं. पण त्यानं घरातला हिशेब असा होतो की आईच जाऊ दे, स्वस्त पडतं. मग बापाला व्यायाम माहीत नसतात, माहीत नाहीत म्हणून तो घेत नाही, आणि पुढच्या बैठकीलाही आईच येते. रविवारी सकाळी एक सत्र फक्त बापांसाठी ठेवून बघा. पहिल्या वेळी सगळे भिंतीला टेकून मोबाइल बघतील. बघू देत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कुणीतरी बुटाच्या पट्ट्यावरून विषय काढतो, आणि मग बापांना आवरावं लागतं.

केंद्राची एक लाडकी आई असते, छान बोलते, पाहुणे आले की तिलाच पुढं करतात. तिला वगळू नका, पण तिच्या एकटीच्या शब्दावर सगळ्यांचं ठरवू नका.

वेळ, तिकीट, दूध

कोल्हापूर जिल्ह्यात बैठकीची वेळ म्हशींना विचारून ठरवावी लागते. सकाळ-संध्याकाळ धार काढून डेअरीला दूध घालायचं असतं, म्हणजे सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर खेड्यातल्या आईला शहरात थांबवता येत नाही. ऊसतोड चालू असताना निम्मी माणसं फडात असतात. इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या माणसाला त्याची पाळी विचारा. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात काही ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा वाढली की बंधारे पाण्याखाली जातात, गावांचे रस्ते तुटतात. २०१९ आणि २०२१ ला तर शहरातही पाणी होतं. पावसाळ्यात बैठका फोनवर घ्या, आणि तेव्हाही व्हॉट्सॲप व्हिडिओपेक्षा साधा कॉन्फरन्स कॉल बरा, रेंज कमी लागते.

पैशाचं बोलायला सगळे लाजतात, म्हणून मी बोलतो. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज, दोन्ही त्याच दिवशी, हातात किंवा गुगल पेवर. "बिल जमा करा, पुढच्या महिन्यात खात्यावर येईल" असं सांगितलंत तर माणूस पुढच्या महिन्यात येत नाही. बाहेरून व्याख्यानाला आणलेल्या पाहुण्याला तुम्ही पाकीट देता. राधानगरी तालुक्यातून दोन बस बदलून आलेल्या बाईला शाल-नारळावर बोळवता, हे काही बरोबर नाही. देणगीदाराकडून निधी मागताना पालक मानधन अशी ओळ अंदाजपत्रकात सुरुवातीलाच घाला. नंतर ती कुठूनच निघत नाही.

बैठक चालू असताना मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळायला माणूस हवा, आणि तो मुलांच्या ओळखीचा हवा. खुर्च्या गोल मांडा. साहेबांची उंच पाठीची खुर्ची त्या खोलीतून बाहेर काढा. इतिवृत्त मराठीत लिहा. यूडीआयडी, आरबीएसके, डीईआयसी असली अक्षरं आली की तिथल्या तिथं फोड करून सांगा. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, डीईआयसी म्हणजे मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं जिल्ह्याचं केंद्र. आरबीएसके म्हणजे शाळेत आणि अंगणवाडीत येऊन पोरं तपासतात ते डॉक्टरांचं पथक, असं म्हटलं की सगळ्यांना कळतं. आरबीएसकेचं पथक तर त्यांच्या दारात येऊन गेलेलं असतं.

दिवस विचारा

आता मुख्य कामाचं. "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं की माणूस गोंधळतो. एक तर जे कधी बघितलंच नाही ते मागणार कसं? दुसरं म्हणजे उपकाराचं ओझं असतं, फुकट थेरपी घेऊन वर मागण्या कशा करायच्या! म्हणून मत विचारायचं नाही. "मागच्या वेळी केंद्रात आलात तो दिवस उठल्यापासून सांगा," एवढंच म्हणायचं. एक जण विचारणार, दुसरा चार्टपेपरवर आडवी रेघ मारून लिहीत जाणार. वरच्या बाजूला वेळ आणि खर्च, खालच्या बाजूला कोण मदतीला होतं. जिथं मूल रडलं किंवा आईला रडू आलं तिथं लाल ठिपका. मधे खुलासे करायचे नाहीत, "पण आमच्याकडे त्याची सोय आहे की" असं तर म्हणायचंच नाही. "मग?" हा एकच प्रश्न जिथं अडेल तिथं विचारायचा.

एका बाईंचा दिवस सांगतो, त्यांनी सांगायला होकार दिलाय, नाव-गाव सांगत नाही. पोरगा नऊ वर्षांचा, चालत नाही. पहाटे पाचला उठून धार, डेअरी, स्वयंपाक, पोराचं आवरणं, आणि मग पोराला काखेत घेऊन एसटी. स्टँडवरून रिक्षा, कारण केएमटीत, म्हणजे शहर बसमध्ये, त्याला घेऊन चढता येत नाही. केंद्रात साडेदहाला पोहोचल्या. त्यांचा नंबर साडेअकराला. इथपर्यंत त्या भराभर सांगत होत्या. मग म्हणाल्या, "मग काय, बसलो."

"मग?"

"मग काय न्हाई. त्याचं डायपर भरलं हुतं."

"मग?"

बाईंनी पदर सारखा केला. "एवढ्या मोठ्या पोराला कुठं घ्यायचं ओ? बाळाचं असतं तर मांडीवर बदललं असतं. बाथरूमच्या आत फरशीवर पेपर हातरला, दार पायानं धरलं, न् बदललं. कडी लागत न्हाई त्याची."

त्या खोलीत तेव्हा केंद्राच्या प्रमुख बसल्या होत्या. याच बाईंनी दोन महिन्यांपूर्वी भरलेला अभिप्रायाचा फॉर्म फायलीत होता. त्यावर "सेवा उत्तम" असं लिहिलेलं होतं. खोटं लिहिलं नव्हतं त्यांनी. थेरपी उत्तमच होती.

त्या एका कागदावरून तीन गोष्टी झाल्या. स्टोअर रूममधल्या जुन्या खोक्यांच्या जागी एक तपासणीचा पलंग टाकला, रेक्झिनची गादी, पडदा, आतून कडी, झाकणाची बादली. खर्च फार नाही, बरंचसं सामान देणगीत आलं. दुसरं, बाहेरगावच्या मुलांना अकरा ते दीडच्या वेळा दिल्या आणि शहरातल्यांना सकाळ-संध्याकाळच्या. त्याला शहरातल्या पालकांपैकी काहींनी कुरकुर केली, ते स्वाभाविक आहे. तिसरं, फिजिओ आणि स्पीच एकाच दिवशी. आधी एक सोमवारी होतं, एक गुरुवारी, आणि का, तर थेरपिस्टच्या सोयीनं. हे कुणाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. वेळापत्रक करणाऱ्या माणसासमोर कुणी चार्टपेपर धरलाच नव्हता.

असे पाच-सहा दिवस भिंतीवर शेजारी शेजारी लावा. लाल ठिपके कुठं एकावर एक येतात ते लांबूनही दिसतं. तिथून कामाला लागा.

दिवसासारखंच वर्षही विचारता येतं. निरामय विम्याचंच उदाहरण घ्या. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यासाठी, एक लाखापर्यंतचं संरक्षण, थेरपीचाही खर्च त्यात बसतो. पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पालकांना वर्ष विचारलं तेव्हा कळलं की कितीतरी जणांनी पहिल्या वर्षी काढला आणि नंतर तो बंद पडला, कारण आठवण करणारं कुणी नव्हतं. केंद्रात आता एक मोठं कॅलेंडर लावलंय, त्यावर विमा, दाखले, बुटाचं नवं माप यांचे महिने लिहिलेले असतात. बुटाचं माप विसरतंच. पोराचा पाय वाढतो, स्प्लिंट (पायाला आधार द्यायचा साचा) तोच राहतो, घोट्यावर लाल वळ उठतो आणि मग पोर ते घालू देत नाही.

जे पालकांनाही माहीत नसतं

आम्ही पालक आमच्या मुलांच्या वतीनं बोलतो, पण मुलं म्हणजे आम्ही नव्हे. माझी मुलगी शब्दांत बोलत नाही. चित्रांच्या पाटीवर बोट ठेवते, "हो"ला डोळे वर करते. केंद्रात मोठ्या मुलांसोबत एकदा हाच दिवसाचा खेळ केला, चित्रं वापरून. फिजिओच्या खोलीचं चित्र आलं तेव्हा तिनं दार या चित्रावर बोट ठेवलं. बंद? डोळे वर. परत विचारलं, परत वर. व्यायाम घेताना खोलीचं दार उघडं असतं, येणारे-जाणारे बघतात, आणि तिला ते नको होतं. पंधरा वर्षांची मुलगी आहे, नको असणारच. आम्हा पालकांच्या गटात हा विषय कुणाच्याच तोंडी आला नव्हता. दार सताड उघडं असलेलं आम्हाला सुरक्षित वाटायचं, आणि तेही खोटं नाही. शेवटी दाराला अर्ध्या उंचीचा पडदा लावला आणि मोठ्या मुलींच्या वेळेला एक बाई मदतनीस खोलीत असते.

तेव्हा मुलांसाठी वेगळी वेळ काढाच. पालक बाहेर बसवून.

रडवू नका

भोगलेलं सांगायला लावणं सोपं असतं, सांगून झाल्यावर त्या माणसाचं काय होतं याची काळजी कमी लोक घेतात. वर्धापनदिनाला स्टेजवर आईला उभं करायचं, तिनं रडायचं, समोरच्यांनी रुमाल काढायचे, मग देणगीचा धनादेश! असलं करू नका. दिवस सांगताना कुणाला भरून आलं तर चार्टपेपर बाजूला ठेवा, पाणी द्या, पुढं सांगायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. दुसऱ्या दिवशी एक फोन करा. फोटोची परवानगी दर वेळी नव्यानं घ्या. खेडेगावात अमकीचं पोर "तसल्या" शाळेत जातं एवढी बातमी धाकट्या बहिणीच्या स्थळापर्यंत पोहोचते, हे शहरातल्या माणसाच्या डोक्यात येत नाही.

घरच्या भांडणाचं, मारहाणीचं काही निघालं तर काय करायचं, कुणाला कळवायचं, हे आधी ठरवून ठेवा आणि "एवढी गोष्ट आम्हाला कळवावी लागेल" हे बैठक सुरू होण्याआधी सांगा. सगळं सांगून झाल्यावर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

भांडणं होणार

पालकांचं एकमत होत नाही. आमच्या गटात सर्वात जुना वाद आहे तो मुलांना एकत्र बसवायचं की एकेकट्याला थेरपी द्यायची यावर. काहींना एकेकट्याचीच हवी, दिलेल्या वेळेचा पुरेपूर मोबदला मिळतो म्हणून. काही म्हणतात, पोराला दोस्त तरी कुठं मिळणार मग? मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. अशा वेळी हात वर करून मतदान घेऊ नका, जे कमी पडतात ते परत येत नाहीत. थोडे दिवस आठवड्यातल्या एका वारी एकत्र बसवून बघा आणि मग परत बोला.

थेरपिस्टशीही खटके उडतात. त्यांना वाटतं आपल्या कामाची झडती चालली आहे. त्यांचाही दिवस एकदा भिंतीवर लावा. एका थेरपिस्टच्या कागदावर जेवणाची वेळच नव्हती. ते बघून पालकांपैकीच एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आवो, मग पोरगी चिडंल न्हाईतर काय!" त्यानंतर दीड ते दोन केंद्राचं दार बंद असतं, आणि त्याला कुणाची हरकत नसते.

फळ्यावर उत्तर द्या

बैठकीनंतर महिन्याच्या आत उत्तर आलं नाही तर तो गट संपला असं समजा. दारात फळा लावा. काय सांगितलंत, काय झालं, काय होणार नाही आणि का. तिसरा रकाना भरायला सगळे घाबरतात, पण विश्वास त्यानंच बसतो. "लिफ्ट : होणार नाही. घरमालकांनी नकार दिला. त्याऐवजी मोठ्या मुलांचं सत्र तळमजल्यावरच्या खोलीत, एक तारखेपासून." हे वाचून कुणी रागावलं नाही. "विचाराधीन" असं लिहिलं असतं तर रागावले असते.

खुर्ची

कायद्यानं पालकांना जागा दिलेली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ मध्ये पालकांच्या संघटनांना नोंदणीचा अधिकार आहे. पण सभा न होताच सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरतं हेही आपण बघतो. अमेरिकेत १९६५ पासून लहान मुलांसाठी हेड स्टार्ट नावाचा सरकारी कार्यक्रम चालतो, त्याच्या धोरण समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात आणि अंदाजपत्रक त्यांच्यासमोर ठेवावं लागतं. आपल्याला फार लांब जायला नको. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरझूक यांनी इथंच, कोल्हापुरात, १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. ज्याला उंबरा अडतो तोच उंबरा काढतो.

तुम्ही एक करा. पुढच्या वेळी थेरपिस्ट किंवा मदतनीस नेमाल तेव्हा मुलाखतीला दोन पालक बसवा, आणि त्यांच्या गुणांना वजन द्या. पदवी, अनुभव तुम्ही तपासा. आम्ही उमेदवाराला एवढंच सांगतो, हे मूल, पाच मिनिटं त्याच्याशी बोला. कुणी मुलाशी बोलतं, कुणी मुलाच्या डोक्यावरून आमच्याशी बोलतं. पाच मिनिटांत कळतं.

गटातली माणसं दोन वर्षांनी बदला, पण सगळी एकदम नको, निम्मी निम्मी. ज्यांचं मूल मोठं होऊन केंद्रातून बाहेर पडलं अशा एका पालकाला जागा ठेवा. त्याला आता तुमच्याकडून काही नको असतं, म्हणून तो मोकळं बोलतो. आणि ज्यांचं मूल या जगात राहिलं नाही, त्यांना यादीतून परस्पर काढून टाकू नका. एकदा घरी जाऊन या, यायचं आहे का विचारा. काहीजण येतात.